एका चेंबरची दोन घरं

भगीरथ आणि बब्रुवाहन अशी दोन मुलांची नावं ठेवताना उंबरे कुटुंबात काहीतरी अदलाबदल झाली असावी. भगीरथ हे नाव थोरल्याला मिळालं आणि तो झाला शाळामास्तर. धाकटा बब्रुवाहन बोरसांगवी नगरपालिकेत वॉलमन म्हणून चिकटला, आणि अठ्ठावीस वर्षं गावाला पाणी सोडलं ते त्याने.

तेव्हा बोरसांगवीत आठ दिवसांनी एकदा पाणी यायचं. तीन हात लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून बब्रू गल्लीत शिरला की बायका हातातली कामं टाकून हंडे-घागरी घेऊन नळावर धावायच्या. कुणाच्या घरी किती माणसं, कुणाची टाकी फुटलेली, कुणाची सून माहेरी गेलेली, सगळं त्याला ठाऊक असायचं. गल्लीत मयत झालं तर पाळी नसली तरी अर्धा तास पाणी सोडायचं, हा त्याचा नियम होता. तो पालिकेच्या कुठल्याच रजिस्टरात नव्हता आणि कुठल्या साहेबाने त्याबद्दल कधी विचारलंही नाही. नळांचे आणि गटारांचे नकाशेसुद्धा बब्रूच्या डोक्यातच होते. कागदावरचे होते ते चाळीस वर्षांपूर्वीचे आणि निम्मे उंदरांनी खाल्लेले.

मग पालिकेने पाणी आणि गटार दोन्ही तीस वर्षांच्या कराराने तोयधी नावाच्या कंपनीला देऊन टाकलं. मोर्चे निघाले, पालिकेसमोर मडकी फुटली, दोन दिवस बाजार बंद राहिला. पण वर्षभरात नळाला रोज पाणी यायला लागलं, आणि नळाला रोज पाणी आल्यावर माणूस फार दिवस चिडून राहू शकत नाही. व्हॉल्व आता आपोआप उघडमीट करू लागले. बब्रूची चावी कंपनीच्या ऑफिसात काचेच्या पेटीत लागली, वर छोटा दिवाही होता. खुद्द बब्रूला गटाराकडच्या कामावर घेतलं. चकत्या साफ करायचं काम. ‘‘पयले गावाला पाजत होतो, आता गावाचं धूतो,’’ असं तो हसून सांगायचा, पण चहा मात्र त्या ऑफिसात बसून कधी प्यायचा नाही.

चकती म्हणजे लहान भाकरीएवढी तबकडी. घराचं सांडपाणी चेंबरमध्ये जिथे पडतं तिथे ती बसवायची. तिच्या अंगावर कार्बनचे केसाहून कितीतरी बारीक तंतू असतात, आणि प्रत्येक तंतूला एकच ठरावीक रेणू चिकटतो, दुसरा नाही. रेणू चिकटला की तंतूतून जाणारी वीज किंचित बदलते. असे हजारो तंतू एकाच वेळी वाचले की त्या पाण्यात काय काय आहे याची यादी तयार होते. शरीर तसं भाबडं असतं, त्याला लपवता येत नाही. साखर वाढली, गोळी चुकली, दिवस राहिले, आत कुठे नको ती गाठ धरली, की त्याच्या खुणा काही तासांत चेंबरमध्ये येऊन पडतात. फ्लशची प्रत्येक लाट वेगळी मोजून महिन्याभरात चकती घरात बाया किती, पुरुष किती हेही ओळखते. माणसाला दुखणं जाणवायच्या कितीतरी आधी ते चकतीला दिसलेलं असतं.

आणि ती कामाची होती, हे कबूल करायला हवं. कुंभार गल्लीत कावीळ पसरणार हे तिने पहिला माणूस पिवळा पडायच्या नऊ दिवस आधी सांगितलं होतं. पण कराराच्या एका कलमात बारीक अक्षरात लिहिलं होतं की गटारात जे पडलं ते कंपनीचं. कंपनी ते वाचायची आणि विमावाल्यांना, औषधवाल्यांना द्यायची. स्थळ बघायला येणारे लोक पत्रिकेबरोबर घराच्या चकतीचा वर्षाचा आलेख मागू लागले. मिठाईवाल्या दुकानदाराची साखर वाढल्याचं त्याच्या आधी त्याच्या फोनला कळलं. गाव थोडं कुरकुरलं आणि सवयीला लागलं.

सही द्यायला नाही म्हणालेली अकरा घरं निघाली. त्यात पहिलं नाव भगीरथ गुरुजींचं. पालिकेच्या सभेत त्यांनी उभं राहून सांगितलं होतं, ‘‘मी काय खातो ते वाण्याला माहीत आहे. काय वाचतो ते वाचनालयाला माहीत आहे. उरलेलं तेवढं माझं मला राहू द्या.’’ लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन सह्या केल्या.

या भाषणाला बब्रू मागच्या रांगेत उभा होता. मनातून त्याला दादाचं बोलणं आवडलं होतं. पण त्याने टाळी वाजवली नाही, कारण सोळा वर्षं दोघा भावांचं बोलणं बंद होतं.

भांडणही पाण्यावरूनच झालेलं. गुरुजींच्या सुवर्णाचं लग्न, ऐन मे महिना. कुणी न सांगता बब्रूने त्या सकाळी दादाच्या गल्लीचा व्हॉल्व पाळी मोडून चाळीस मिनिटं उघडला. पुतणीचं लग्न, वरपक्ष पुण्याचा, चार पाहुण्यांना आंघोळीला पाणी मिळावं एवढंच त्याच्या मनात होतं. पण पंगतीत कुणीतरी टोमणा मारला, ‘‘गुरुजी, आज तुमच्याकडं आमच्या गल्लीचं पाणी वाढलंय बरं का.’’ जन्मभर पोरांना रांगेत उभं राहायला शिकवलेल्या माणसाला तो टोमणा जिव्हारी लागला. सोमवारी त्यांनी मुख्याधिकाऱ्यांकडे स्वतःच्या हाताने सख्ख्या भावाची तक्रार लिहून दिली. बब्रू चार महिने निलंबित झाला. काकाने पाणी दिलं आणि बापाने तक्रार दिली, म्हणून गाव वर्षभर हसलं.

मग चार खोल्यांच्या घरात मधोमध भिंत उभी राहिली. गुरुजींचं दार पुढच्या गल्लीत, बब्रूचं मागच्या. एका दारातून दुसऱ्या दारात जायचं तर सगळी गल्ली वळसा घालून जावं लागे. सगळं वेगळं झालं, फक्त गटार राहिलं. दोन्ही घरांच्या मोरी-संडासाचं पाणी भिंतीखालून एकाच चेंबरमध्ये यायचं, आणि ते चेंबर बब्रूच्या परसात होतं. ‘‘खाली काळा पाषाण हाय, सुरुंगच लावावा लागतो,’’ असं बब्रू वेगळं गटार खोदायचा विषय निघाला की सांगत राहिला. पाषाण होता, नाही असं नाही. पण त्याहून कठीण पाषाण त्याने लोकांच्या दारात फोडलेला होता. खरं कारण त्याने बायकोलाही सांगितलं नाही. ते त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

मंगळवारी सकाळी इंदुमती डाळ निवडत बसली होती तेव्हा फोन वाजला. तिने चष्मा लावून वाचलं आणि सूप बाजूला ठेवलं.

‘‘अहो, हे बघा काय म्हणायलंय.’’

कंपनीचा निरोप होता. आपल्या घरातील पुरुष व्यक्तीच्या मूत्राशयात पेशींची असामान्य वाढ दर्शवणारे घटक सलग एकवीस दिवस आढळले आहेत, तज्ज्ञांकडून तातडीने तपासणी करून घ्यावी.

‘‘म्हंजी काय?’’ बब्रू म्हणाला. म्हणजे काय ते त्याला बरोबर कळलं होतं. दोन वर्षं चकत्या धूत असल्यामुळे कुठला निरोप कशाचा असतो हे त्याला पाठ होतं.

दुपारपर्यंत तीन हॉस्पिटलांचे फोन आले. फोनवरच्या तिन्ही मुलींनी ‘‘नमस्कार बब्रुवाहनजी’’ अशीच सुरुवात केली आणि तिघीही फार गोड बोलल्या. इंदुमतीने चौथा फोन उचलला नाही. ती देवापुढे जाऊन बसली, मग उठली, मग विनाकारण कपाट आवरायला लागली.

‘‘मला काय झालंय? धडधाकट हाय की,’’ बब्रू तिच्या मागे मागे फिरत म्हणाला.

‘‘यंत्राला कळलंय ते खोटं हाय का?’’ असं म्हणून ती रडायलाच लागली.

दोघं लातूरला गेली. मोठ्या हॉस्पिटलात दोन दिवस तपासण्या झाल्या. दुर्बीण आत घालून डॉक्टरांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि बब्रूचं जुनं काम ऐकलेलं असल्याने कागद पुढे सरकवत हसून म्हणाले, ‘‘काका, काहीही नाही. स्वच्छ आहे. अजून वीस वर्षं पाणी सोडा गावाला.’’

बाहेर येऊन बब्रूने कागदाची घडी आतल्या खिशात जपून ठेवली. इंदुमती तर भर रस्त्यात त्याच्या हाताला धरून चालली, जे तिने लग्नानंतरही कधी केलं नव्हतं. बसस्टँडवर त्याने पेढे घेतले. एक तिच्या हातावर ठेवला, एक स्वतः उचलला.

‘‘यंत्र चुकलं म्हणायचं,’’ इंदुमती म्हणाली. पेढा तोंडाशी नेता नेता ती थांबली. ‘‘चुकलं का हो?’’

बब्रूने तिच्याकडे पाहिलं. चकती इतके दिवस सलग चुकत नाही हे त्याला माहीत होतं. त्याच्या घरात दुसरा पुरुष नव्हता हेही माहीत होतं. पण चेंबरमध्ये होता.

पेढा त्याने परत पुड्यात ठेवला. बस लागली तरी दोघं तशीच उभी राहिली.

कंपनीची बोरसांगवीची इंजिनियर होती निलोफर तांबोळी. गावातलीच मुलगी. पाचवीत तिला भगीरथ गुरुजींनीच शिकवलेलं. बब्रूने केबिनचं दार लावून तिला सगळं सांगितलं. तिने पडद्यावर त्याच्या घराची नोंद उघडली आणि बराच वेळ बघत बसली.

‘‘म्हणून तर,’’ ती म्हणाली. ‘‘मला वाटायचं, बब्रूकाका दिवसातून किती वेळा जातात! काका, चकतीला तुमच्याकडं एकच पुरुष दिसतोय.’’

‘‘एकच कसा? आम्ही दोघं हाव की.’’

‘‘तुम्ही सख्खे भाऊ. जन्मापासून एका गावचं पाणी, एकाच गिरणीच्या पिठाची भाकरी. दोघांना रक्तदाबाची गोळी एकाच दवाखान्यातली. चकती माणसं ओळखते ती शरीराच्या चालीवरून, आणि तुमच्या दोघांची चाल इतकी सारखी आहे की तिने दोघांचा मिळून एकच माणूस धरलाय.’’

 बब्रूने पडद्याकडे बघितलं. तिथे एक निळी रेघ होती, तिच्यात आपण कुठला आणि दादा कुठला ते त्याला शोधून सापडेना.

‘‘मग तू दादाला कळव. कंपनीकडून कागद गेला म्हंजी ऐकंल.’’

‘‘तेच तर जमत नाही. गुरुजींनी सही दिली नाही. ज्यांची सही नाही त्यांचं काही कळलं तरी ते कळलं नाही असं धरायचं, असा कायदा आहे. आणि तो कायदा गुरुजींसारख्यांनीच भांडून करून घेतलाय, बरोबरच आहे तो.’’ तिने आवाज खाली केला. ‘‘दोन घरांचं एक चेंबर ही नोंद मी केली, तर या घराची सगळी माहिती रद्द होईल. गुरुजींना नोटीस जाईल ती जोडणी बंद करण्याची. आजाराचं अक्षरही तिच्यात नसेल.’’

‘‘मग?’’

‘‘मग तुम्ही मला काहीच बोलला नाहीत. आणि तुम्ही भाऊ आहात, कंपनी नाही.’’



संध्याकाळी तो इंदुमतीला घेऊन गल्लीला वळसा घालून पुढच्या दारी गेला. पाच वर्षांपूर्वी कालिंदीवहिनी वारल्या तेव्हा तो इथवर आला होता. त्या दिवशी त्याने गल्लीला पाणी सोडलं होतं आणि स्मशानात दोघे भाऊ दोन टोकांना उभे होते. त्या पाण्याची तक्रार मात्र झाली नव्हती.

गुरुजींनी दार उघडलं. सत्तरी ओलांडलेले, पण ताठ. अंगावर इस्त्रीचा सदरा. ते बब्रूकडे न बघता इंदुमतीकडे बघत उभे राहिले.

‘‘इंदू, काय काम काढलं?’’

‘‘भाऊजी, हे काहीतरी सांगायलेत, जरा ऐका.’’

बब्रूने सांगायला सुरुवात केली, पण इतकी वर्षं साचलेलं तोंड नीट उघडेना. चेंबरपासून सुरुवात केली, मग चकती, मग निरोप, मग पुन्हा चेंबर. गुरुजींचा चेहरा पांढरा पडत गेला.

‘‘इंदू, त्याला विचार, म्हणजे दोन वर्षं माझंही वाचलं जातंय? मी नाही म्हटलेलं असताना?’’

‘‘भाऊजी, तसं नव्हं...’’

‘‘आणि त्याच्या घरी निरोप आलाय कॅन्सरचा, तर तो घेऊन माझ्या दारात कशाला आला? स्वतःची तपासणी करावी. आधी लातूर गाठावं. त्याला सांग, दुखणं असं टाळू नये.’’ शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज चिरकला, आणि तो चिरकल्याचं लक्षात येताच त्यांनी दार लावून घेतलं.

‘केली की तपासणी’ हे बब्रूचे शब्द दाराच्या फळीवर आपटले.

घरी येऊन इंदुमती म्हणाली, ‘‘तुमचा रिपोर्ट टाकू का त्यांच्या दाराखालून?’’

‘‘मास्तर हाय तो. म्हणंल, तुला नाही ना, मग यंत्र चुकलं. आणखी एकदा दार लागलं तर पुन्हा उघडायचं नाही. जायचं तर पक्कं घेऊन जायचं.’’ बब्रू अंगणात फेऱ्या मारत होता. ‘‘गळती दोनपैकी कुठल्या लायनीला हाय हे कळत नसलं तर आपण काय करतो? एक लाईन बंद करून बघतो. चार दिवस आपण इथं राहायचंच न्हाई. चेंबरात फक्त दादाचं पाणी येतंय. तरी चकती बोंबलली, की मग त्याला बोलायला जागा राहत न्हाई.’’

निलोफरने एकच बजावलं, की कुणाला सांगून जाऊ नका. घर बंद आहे असं कळलं तर कंपनी चकती झोपवते. तेव्हा बब्रूने पाठ धरल्याची रजा टाकली, इंदुमतीने शेजारीपाजारी चकार शब्द काढला नाही, आणि आंघोळी उरकून पहाटेच्या गाडीने दोघं नांदेडला लेकीकडे गेली. नवीन दाराला ओढलं की लागणारं कुलूप होतं, त्यामुळे घर बंद आहे हे बाहेरून कळायलाही मार्ग नव्हता.

लेकीकडे त्यांचं कशातच लक्ष लागेना. इंदुमती नातीची वेणी घालता घालता थांबायची. बब्रू दर दोन तासांनी फोनवर घराच्या चकतीचा आलेख उघडून बघायचा. पहिल्या दिवशी बाईची रेघ खाली गेली आणि संपली. पुरुषाची चालू राहिली, पण आता ती निम्मी होती. एवढा बारीक झालेला दादा त्याने प्रथमच पाहिला. सकाळी सहाला एकदा, आठला एकदा, मग मध्ये मध्ये, वारंवार. माणसाला इतक्या वेळा उठावं लागतं म्हणजे त्रास नक्की होत असणार, हे बघून त्याचं मन कालवलं. आणि दुखण्याच्या खुणा कमी झाल्या नव्हत्या, दुप्पट झाल्या होत्या. आतापर्यंत त्या बब्रूच्या निरोगी पाण्याने पातळ होत होत्या.

‘‘बास झालं,’’ चौथ्या दिवशी तो म्हणाला. ‘‘आता उद्यापर्यंत कशाला थांबायचं?’’

दुपारी दोनच्या सुमाराला दोघं गल्लीत शिरली आणि इंदुमतीने त्याचा दंड धरला. घराचं दार एका बाजूला कललेलं होतं. चौकट फुटली होती. उंबऱ्यावर, पाय खाली सोडून, मांडीवर पहार आडवी धरून भगीरथ गुरुजी बसले होते. सदरा चुरगळलेला, दाढी वाढलेली. शेजारी स्टीलचा पेला.

त्यांनी दोघांकडे बघितलं. 

‘‘कुठे गेला होतास?’’ ते म्हणाले. इंदुमतीला नाही. बब्रूला.

बब्रूची पिशवी खांद्यावरून घसरली. ‘‘नांदेडला... रोहिणीकडं.’’

‘‘सांगून जायची पद्धत नाही का?’’

‘‘दादा, हे दार...’’

‘‘मी फोडलं.’’ मास्तरांनी गुन्हा कबूल करावा तसं ते कबूल केलं. ‘‘रोज सकाळी साडेपाचला तू आंघोळ करतोस. तुझं पाणी चेंबरमध्ये पडताना भिंतीखालून माझ्या मोरीत खळखळतं. त्यावर मी उठतो. ही गेल्यापासून घरात दुसरा आवाज कुठलाय? परवा ते वाजलं नाही. काल वाजलं नाही. मग सुचेना काही. तुझ्या घरी कॅन्सरचा निरोप आलेला, आणि मी तुला दारातून... आलो वळसा घालून. हाका मारल्या. दार आतून लावल्यासारखं. मला वाटलं, दोघं आत...’’ त्यांनी तळहाताने तोंड पुसलं. ‘‘मग शेजारच्या शिंद्याच्या घरून पहार आणली. आत बघतो तर कुणीच नाही. आता फुटलेलं दार उघडं टाकून जाणार कसं? बसलो राखत. कालपासून इथेच आहे.’’

इंदुमती तोंडाला पदर लावून आत गेली. ओट्यावर भात शिजवून झाकून ठेवलेला होता आणि पातेलं तिच्या रोजच्या जागी नव्हतं.

बब्रू दादाच्या शेजारी उंबऱ्यावर बसला. खिशातून फोन काढला. ‘‘दादा, आता ऐक. आम्ही चार दिवस मुद्दाम...’’

‘‘ठेव तो फोन. मला कळलंय.’’

‘‘काय कळलं?’’

‘‘टेबलावर तुझा लातूरचा रिपोर्ट होता. दुसऱ्याचा कागद मी आयुष्यात वाचला नव्हता. काल वाचला.’’ गुरुजी समोरच्या भिंतीकडे बघत होते. ‘‘तुला काही नाही हे वाचून इतकं बरं वाटलं, बब्रू, की मी मोठ्याने हसलो. एकटाच. पाणी पिऊन आलो, परत वाचला. मग लक्षात आलं, की मग ते कुणाचं आहे.’’

बब्रूला रडू आवरेना. साठीला टेकलेला गडी, गल्लीतल्या लोकांसमोर हमसून हमसून रडला. गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच ठेवून दिला.

‘‘दोन महिन्यांपूर्वी एकदा लाल दिसलं होतं,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘बीट खाल्लं असेल म्हणून सोडून दिलं. सुवर्णाला सांगितलं नाही. भीती वाटली रे.’’

‘‘उद्या लातूरला जायचं. मी येतो.’’

‘‘ये.’’

गाठ लहान होती. दुर्बिणीतून काढता येणारी. डॉक्टर म्हणाले, चार महिन्यांनी आला असतात तर गोष्ट वेगळी होती. पण ही गाठ परत उगवायची खोड असलेली असते. दोन-तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागेल.

लक्ष ठेवायला चकतीसारखं दुसरं काही नव्हतं, हे डॉक्टरांनी न सांगताही तिघांना कळलं. आणि चेंबरची गोष्ट आता लपणारी नव्हती. फुटलेल्या दाराची बातमी गावभर झाली होती. निलोफर एका सकाळी कागद घेऊन स्वतः आली. गुरुजी लातूरहून आल्यापासून बब्रूकडेच पडून होते. तिने आधी त्यांच्या पायांना हात लावला.

‘‘गुरुजी, दोन घरांचं एक चेंबर चालत नाही. महिन्याभरात एक जोडणी बंद होणार. पण एक मार्ग आहे. हे एकच घर आहे असं तुम्ही दोघांनी लिहून दिलंत, तर चेंबर राहतं, चकतीही राहते, आणि तिला तुमची संमतीही त्यातच येते. मी मंजुरी देते. तपासायला कुणी येत नाही.’’

बब्रूने लगेच पेन काढलं. गुरुजींनी कागद हातात घेतला, चष्मा पुसला, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचला.

‘‘इथे लिहिलंय, दोन्ही भागांत आतून ये-जा आहे.’’

‘‘ते असंच असतं गुरुजी, छापील.’’

‘‘छापील असलं तरी खाली सही माझी होणार. आहे का आतून ये-जा?’’

 बब्रूचा चेहरा उतरला. पाणी चाळीस मिनिटं जास्त आलं म्हणून सख्ख्या भावाला चार महिने घरी बसवणारा माणूस होता हा. मरणाच्या दारातून परत आला तरी खोट्यावर सही करणार नाही, हे बब्रूइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

‘‘दादा, तुझ्या जिवाचा प्रश्न हाय,’’ तो काकुळतीला येऊन म्हणाला. ‘‘एवढं एक खोटं...’’

‘‘खोटं मी लिहिणार नाही.’’ गुरुजींनी कागदाची घडी घातली आणि उशाखाली ठेवली. मग भिंतीकडे बोट केलं. ‘‘तू गवंडी बोलाव. मी लिहीन ते खरं झालं पाहिजे.’’

गवंडी दुसऱ्या दिवशी आला. बब्रूने त्याच्या हातातून घण काढून घेतला आणि पहिला घाव स्वतः घातला. विटा साध्याच होत्या, मातीत बसवलेल्या, भराभर निघाल्या. दुपारपर्यंत माणूस मान वाकवून जाईल एवढी वाट झाली. पलीकडच्या खोलीतला उजेड इंदुमतीच्या स्वयंपाकघरात पडला. तिने पदराने धूळ झटकली आणि खरकटं उचलावं तितक्या सहजपणे विटांचे तुकडे घमेल्यात भरायला लागली.

गुरुजी काठी टेकत उठले. त्या वाटेने पलीकडे गेले. आपल्या खोलीत उभे राहून त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग तसेच वाकून परत आले.

‘‘आता आण,’’ ते म्हणाले.

कागदावर त्यांनी आधी स्वच्छ अक्षरात दोन ओळी लिहिल्या, की माणसाच्या शरीरातलं काहीही विकण्याला माझी हरकत कायम आहे आणि ती नोंदवून घ्यावी. मग सही केली. खाली तारीख घातली. तारखेपुढे वेळही लिहिली, कारण सकाळी ते खरं नव्हतं.